आठव्या मजल्याचं पाणी आणि बारावं प्रकरण

2007 सालचा ऑगस्ट, दुसरा शनिवार, सकाळ. रक्कम चार डॉलर वीस सेंट: तीन कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि एक काया टोस्ट, नारळाच्या जॅमचा. स्थळ सिंगापूर, बुकित बातोक, आपल्या ब्लॉकखालचं कॉफीशॉप. उपस्थित तुम्ही, मी आणि ग्रेस.

सुमेधाताई, तुमच्यावर लिहायचं म्हटलं की लोक जन्म कुठे, शिक्षण कुठे, इथून सुरू करतील. ते सगळं मिलिंदने इथल्या मराठी मंडळाच्या पत्रकात दिलंय आणि दोन ठिकाणी चुकवलंय. मुलाला आईचं वय नक्की माहीत नसणं मी समजू शकतो, तुम्ही ते कोणालाच नीट सांगितलं नव्हतं. मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. बैठक कधी, खर्च किती, हजर कोण. तुम्ही हसणार हे माहीत आहे. हसा.

त्या सकाळपर्यंत आपली ओळख जिन्यातली. आपल्या ब्लॉकची लिफ्ट पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावरच थांबते. तुम्ही सहाव्यावर, मी सातव्यावर. पाचव्यावर उतरून तुम्ही एक जिना चढायचात, मधल्या वळणावर दम घ्यायला थांबायचात आणि दम लागलेला असतानाच बोलायला सुरुवात करायचात. ग्रेसही तुम्हाला त्याच वळणावर सापडली. मलावीहून आलेली, इथल्या विद्यापीठात कायद्याचं मास्टर्स करणारी, तुमच्याच मजल्यावर एका चिनी आजींकडे खोली घेऊन राहणारी. तिच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा होता. वरचं पान तुम्ही तिला न विचारता वाचलंत. नागपूरच्या संध्याकाळच्या लॉ कॉलेजात कारकुनांना आणि कंडक्टरांना जन्मभर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवलेल्या बाईकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. मी मागून भाजीच्या पिशव्या घेऊन चढत होतो, मला वाट मिळेना, म्हणून मीही थांबलो. मी या कामात ओढला गेलो तो केवळ जिना अरुंद असल्यामुळे.

त्या शनिवारी ग्रेसने अडचण सांगितली. ती डिसेंबरात घरी परत जाणार, तिच्या जुन्या कॉलेजात शिकवणार. पण आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर तिथे बंद पडला होता, कारण पुस्तक नाही.

"पुस्तक आहे," ग्रेस म्हणाली. "एक. त्यातली समुद्राच्या कायद्याची पानं कोणीतरी फाडून नेली. आमच्या देशाला समुद्र नाही."

नव्या पुस्तकाची किंमत एका विद्यार्थ्याच्या सहामाही फीपेक्षा जास्त. इंटरनेट होतं, पण एखादा निकाल उघडायला लावला की तो अर्धा दिसेपर्यंत लाइन जायची. विभागप्रमुखांनी तिला एकच अट घातली होती: मार्चपर्यंत लायब्ररीत कुठल्याही एका पुस्तकाच्या पाच प्रती ठेव, पेपर सुरू करतो. नाहीतर तू पहिल्या वर्षाला करारनाम्यांचा कायदा शिकव.

"आणि नाही सुरू झाला तर नुकसान कोणाचं?" मी विचारलं. मला आधी आकडा लागतो.

ग्रेसने कोपीचा कप बाजूला ठेवला. तिच्या जिल्ह्यात लोकांना न विचारता जमिनीवरून उठवलं होतं. त्यांच्या बाजूने उभी राहणारी माणसं होती, पण देशातल्या कोर्टांनी हात वर केल्यावर पुढे आफ्रिकेच्या मानवी हक्क आयोगाकडे अर्ज कसा करायचा, हे सांगणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. "तसा अर्ज लिहिणारी माणसं याच वर्गातून निघाली असती," ती म्हणाली.

"मग आपण लिहू पुस्तक," तुम्ही म्हणालात. आपण पोहे करू, या सुरात.

मी आपली कोपी संपवून उठत होतो. तुम्ही म्हणालात, "बसा. ग्रेसला कायदा येतो, तिला वाईट वाक्यसुद्धा समजतं. मला न समजणारा माणूस लागतो."

"असा कोण आहे ब्लॉकमध्ये?" मी विचारलं. ग्रेस माझ्याकडे बघत होती. तुम्हीही.

मी चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या अंतर्गत ऑडिटमध्ये काम करतो. लोक मला घाबरून बोलतात, अशी माझी समजूत होती. तुम्ही त्या दिवसापासून मला "अहो ऑडिटर" म्हणायला लागलात, आणि माझी मुलगी केतकी घरात म्हणायला लागली, "बाबा गॉट अ जॉब ॲज अ डम्मी, लाह."

तुमची काम करण्याची रीत मी कुठे पाहिली नव्हती. प्रकरणाचा मसुदा इंग्रजीत. मग प्रत्येक परिच्छेद तुम्ही मला मराठीत तोंडी सांगायचात. वाचायचा नाही, सांगायचा, आणि मराठीत अडकलात की मूळ इंग्रजी वाक्यावर काट. "मराठीत सांगता येईना म्हणजे मलाच कळलं नव्हतं, इंग्रजीने झाकलं होतं," म्हणायचात. मी मध्ये "म्हणजे?" म्हटलं की परिच्छेद नापास. मलावीतल्या मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक असं बुकित बातोकमधल्या मराठीतून गाळून जात होतं, आणि ग्रेस शेजारी टोस्ट खात शांतपणे दोघांकडे आळीपाळीने बघायची. तिसऱ्या शनिवारी तुम्ही एक वाक्य इंग्रजीत वाचलंत आणि मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "म्हणजे?" उच्चार माझ्यापेक्षा साफ. तुम्ही तिला नमस्कार केलात आणि वाक्य खोडलंत.

उदाहरणांवरून आपलं पहिलं भांडण झालं. राज्याची जबाबदारी समजावताना तुम्ही आपला ब्लॉक घेतलात. प्रत्येक फ्लॅट म्हणजे देश, बांबूवर बाहेर वाळत घातलेले कपडे म्हणजे देशाचा अंतर्गत मामला, आणि त्यातून खाली ठिबकणारं पाणी म्हणजे शेजारी देशाला होणारा उपद्रव. मी म्हटलं, "ताई, तिकडे बांबूवर कपडे कोण वाळत घालतं? त्यांची उदाहरणं द्या. नदी द्या, तळं द्या."

"त्यांचं तळं मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं तळं काऊन लिहू? माझं खरं उदाहरण मी देते, त्यांचं ते घालतील."

एवढंच असतं तर चाललं असतं. पण आठव्या मजल्यावरचे अंकल, म्हणजे माझ्या डोक्यावरचे टॅन अंकल, त्यांच्या ओल्या कपड्यांचं पाणी माझ्या वाळलेल्या शर्टांवर पडतं याबद्दल मी टाउन कौन्सिलला तक्रार केली होती. तारखा, वेळा, शर्टांची संख्या, असा तक्ता जोडला होता. तो तक्ता मी तुम्हाला कौतुकाने दाखवला. तुम्ही तो चौथ्या प्रकरणात घातलात. नावांसकट. नावं नंतर बदलायचं ठरलं होतं, असं तुमचं म्हणणं. माझ्या समोर तरी ठरलं नव्हतं. आणि ग्रेसने ते प्रकरण चाचणी म्हणून ईमेलने तिच्या कॉलेजातल्या मुलांना पाठवलं.

पंधरवड्याने निकाल आला. मुलांनी मतदान घेतलं होतं. तीन मतं माझ्या बाजूने, बाकी वर्ग विरुद्ध. ग्रेसने कॉफीशॉपमध्ये कारणं वाचून दाखवली. एक: तक्रारदाराने आधी घरची दारं ठोठावायला हवी होती, तो आठव्या मजल्यावर जाऊन बोललाच नाही, थेट वरच्या संस्थेकडे गेला, म्हणून अर्ज अकाली. दोन: तक्रारदाराचे स्वतःचे कपडे सहाव्या मजल्यावरच्या बाईंवर ठिबकतात, हे त्याने तक्त्यात दाखवलेलं नाही.

"हे त्यांना कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"तळटीप आहे," तुम्ही म्हणालात. "खरं आहे ते. तुमच्या निळ्या टॉवेलचं पाणी माझ्या तुळशीत येतं. तिला चालतं, मला नाही."

जगाच्या नकाशावर जिथे मी बोट ठेवू शकलो नसतो अशा गावात तीस तरुण माणसांना माझ्या टॉवेलचा रंग माहीत होता. मी घरी आलो तर केतकीने विचारलं, "अपील करणार का?"

मी वर गेलो नाही. तुम्ही गेलात. दोन जिने चढून, मध्ये दोनदा थांबून. परत आलात ते हसू दाबत.

झालं होतं असं. आदल्या वर्षी टॅन अंकलच्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण आम्हाला होतं. आपल्याकडे आहेर कसा करतात? पन्नासावर एक ठेवायचा, शुभ. मी एक्कावन्न डॉलर घातले, आणि घरात लाल पाकीट नव्हतं म्हणून ऑफिसचं पांढरं वापरलं, स्वच्छ, कोरं. अंकल तुम्हाला म्हणाले, "व्हाइट एन्व्हलप. फिफ्टी-वन. माय सन गेटिंग मॅरिड, नॉट डायिंग, लाह." त्यांच्यात, चिनी लोकांत, लग्नाला सम आकडा आणि लाल पाकीट, विषम आकडा पांढऱ्या पाकिटात देतात तो मयताला. मी भर मांडवात नवरदेवाचं सांत्वन करून आलो होतो, वर दोन्ही हातांनी दिलं होतं.

"तरी त्यांनी वर्षभर नुसतं पाणीच सोडलं," तुम्ही म्हणालात. "फार संयमी राष्ट्र आहे."

दुसऱ्या दिवशी मी संत्री घेऊन वर गेलो. सम. अंकलनी मोजली. पाणी थांबलं. मुलांना कळवलं तर त्यांनी उत्तर पाठवलं की हा तोडगा वर्गाने आधीच सुचवला होता, नोंद घ्यावी. त्यानंतर, ग्रेस सांगत होती, आधी घरची दारं ठोठावा, म्हणजे देशातले उपाय आधी करून बघा, या नियमाला तिथे कोणी त्याच्या खऱ्या नावाने ओळखत नाही. त्याला बुकित बातोकचा नियम म्हणतात. उदाहरणांच्या भांडणात तुम्ही जिंकलात हे मी तेव्हा म्हणालो नाही. आता म्हणायला हरकत नाही, तुम्ही ऐकून परत चिडवणार नाही.

दुसरं भांडण मात्र हसण्यावारी गेलं नाही, आणि ते संपलेलंही नाही.

डिसेंबरात ग्रेस गेली. अकरा प्रकरणं तिच्या बॅगेत. राहिलं बारावं, आयोगाकडे अर्ज कसा करायचा, म्हणजे ज्यासाठी हा सगळा उद्योग, तेच. पहिला मसुदा तुम्ही मला सांगितलात. अर्ज कोण करू शकतो, मुदत काय, काय जोडायचं. मी ऐकत होतो. शेवटी विचारलं, "आणि आयोगाने सांगितलं की लोकांना जमीन परत द्या, आणि सरकारने नाही दिली, तर? वसूल कोण करतं?"

"कोणी नाही," तुम्ही म्हणालात.

"जप्ती नाही? दंड नाही?"

"नाही."

"मग ताई, हे बुडीत खातं आहे. ही मुलं वर्षभर घासून जे शिकणार त्याची वसुली शून्य. हे त्यांना पहिल्या पानावर सांगा, नाहीतर ही फसवणूक आहे."

तुम्ही कागद गोळा केलेत. आवाज अजिबात चढवला नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. "आमच्या गावात विहीर सगळ्यांची आहे असा कायदा झाला, त्यानंतरही माझी आई कितीतरी वर्षं लांबून पाणी आणायची. वसुली शून्य. पण कायदा झाल्यावर ती त्या विहिरीपाशी थांबायला लागली. भरू देत नव्हते, तरी थांबायची, रोज, घागर घेऊन. आधी थांबतही नव्हती. तुम्ही हिशेबात ते कुठे धरता?"

गप्प बसायला हवं होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही, कारण माझा प्रश्नही खोटा नव्हता. मी म्हटलं, "धरता येत नाही. ऑडिटमध्ये बुडीत रक्कम लिहून टाकतात, खात्यातून वजा करून मोकळे होतात."

"लिहून टाकली की देणेकरी सुटतो," तुम्ही म्हणालात. "मी नाही लिहून टाकत." आणि जिन्याकडे गेलात. पुढचे दोन शनिवार मी कॉफीशॉपमध्ये एकट्याने बसलो. काया टोस्ट एकट्याला संपत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मिलिंदचा फोन आला. तुम्हाला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, हृदय थकलंय म्हणाले. मी ऑफिसातून परस्पर आलो. चांगीपासून नोव्हेना म्हणजे एमआरटीत, इथल्या मेट्रोत, तासभर. एवढ्या वेळात मी चार प्रकारची माफी तयार केली. खोलीत शिरलो तर तुम्ही म्हणालात, "उशीर केलात. बसा. बारावं प्रकरण."

"ताई, डॉक्टर बोलू नका म्हणालेत."

"डॉक्टरांना पेपर मार्चमध्ये सुरू करायचा नाही."

इंग्रजी मसुदा नव्हता. तुम्हाला लिहिता येत नव्हतं. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा प्रकरण आधी मराठीत सांगितलंत, सलग, आणि मी "म्हणजे?" म्हणत राहिलो, आणि तुम्ही प्रत्येक वेळी थांबून, ऑक्सिजनची नळी सारखी करून, ते वाक्य मोडून पुन्हा बांधलंत. नर्सने मला दोनदा बाहेर काढलं. एकदा तुम्ही तिला समजावलंत की हा माणूस औषध आहे. मिलिंदला वाटलं, आई भ्रमात बोलतेय.

शेवटी वसुलीपाशी आलो. मी विचारलं, "माझ्या प्रश्नाचं काय करायचं?"

"तो तसाच छापा. शेवटच्या पानावर. जसा विचारलात तसा, बुडीत खात्यासकट."

"आणि उत्तर?"

"अर्धं पान कोरं सोडा." मग डोळे मिटूनच म्हणालात, "तुमचा प्रश्न चांगला होता, ऑडिटर. राग मला त्याचाच आला होता."

मी म्हणायला हवं होतं की तुमचं उत्तरही चांगलं होतं. मी म्हणालो, "पाणी देऊ का?" माणूस नको तिथे काटकसर करतो, ताई. त्या शनिवारी तुम्ही या जगात नव्हतात.

घरी लोक आले. विहारातली मंडळी आली, बुद्धवंदना झाली. आपल्या मंडळाचे अध्यक्ष लांबलचक बोलले, तुम्ही ऐकलं असतंत तर निम्मं खोडलं असतंत. टॅन अंकल दोन जिने उतरून आले, पांढरा शर्ट घालून, आणि मिलिंदच्या हातात पांढरं पाकीट ठेवलं. मिलिंदने उघडलं, एक्कावन्न. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. आपल्याकडे हा आकडा बारशाला देतात. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की परत करायचं नाही, ते बरोबर आहे, या ब्लॉकमध्ये तो आकडा पहिल्यांदाच बरोबर जागी आलाय. अंकल मला म्हणाले, "युअर फ्रेंड, शी कम अप, ड्रिंक टी, आस्क एव्हरीथिंग. यू स्टे डाउनस्टेअर्स, वन इयर नेव्हर आस्क." मी मान हलवली. तीस मुलांनी हेच सांगितलं होतं.

मग बारावं प्रकरण मी लिहिलं. कायद्याचा एक दिवसही अभ्यास नसलेल्या माणसाने. तुम्ही सांगितलेलं मराठी आठवायचं, इंग्रजीत घालायचं, ग्रेसला ईमेल करायचं. ती कायदा तपासायची आणि उत्तरात नुसतं लिहायची, "म्हणजे?" मी ते वाक्य सात सात वेळा लिहिलंय. बँकेत माझे अहवाल इतके आखूड झाले की साहेबांनी बोलावून विचारलं, तब्येत बरी आहे ना. एका ठिकाणी माझी आठवण पक्की नव्हती, मुदत कधीपासून मोजायची याबद्दल. जिन्यात तुम्हाला विचारू असं मनात आलं आणि मी खरोखर चप्पल घालून दारापर्यंत गेलो. मग ग्रेसला विचारलं. तिला माहीत होतं.

प्रश्न शेवटच्या पानावर आहे. खाली अर्धं पान कोरं. छापखान्यातल्या माणसाला ती चूक वाटली, त्याने फुकट सुधारून द्यायची तयारी दाखवली. त्याला समजावायला वेळ लागला. मी अजूनही म्हणतो की वसुली नसलेला हक्क हिशेबात धरता येत नाही. पण तो लिहून टाकायचा की नाही, यावर मी पूर्वीसारखा ठाम नाही. एवढं तुमच्या खात्यात जमा करा, यापेक्षा जास्त नाही.

पुस्तक पाच प्रतींचं, छपाई आणि बांधणीचा खर्च मिलिंदने केला. पोस्टात मी गेलो. खिडकीतल्या बाईंनी पुडकं वजनावर ठेवलं.

"इनसाइड व्हॉट?"

"लॉ बुक्स."

"सिंगापोर लॉ?"

"नाही. सगळ्यांचा."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि फॉर्मवर नुसतं बुक्स लिहिलं. पुडकं विमानाने गेलं, मार्च संपायच्या आत पोचलं. पाच प्रती लायब्ररीत लागल्या, विभागप्रमुखांनी सही केली, पेपर सुरू झाला. ग्रेस पहिल्या तासाला तुमचं नाव फळ्यावर लिहिणार होती, पण मुलांनी आधीच विचारलं, तुळशीवाल्या बाई कशा आहेत. तिला सांगावं लागलं.

विमानाचं टपाल अडुसष्ट डॉलर. त्यातले एक्कावन्न टॅन अंकलचे, मिलिंदने दिले, सतरा माझे. रोख भरले, बुकित बातोकच्या पोस्टात, तीन नंबरच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंकडे.